दुसऱ्या बाजूला उडी

“मॅडम, वरून कोणी पडलं तर बॉडी खाली आणायला किती दिवस लागतात?”

हा प्रश्न माझा नव्हता, आमच्या बेंचचा होता. डावीकडून वैष्णवीनं आणि उजवीकडून संस्कृतीनं कोपरं मारमारून तो माझ्या तोंडून काढला. पैज अशी होती की मी उठून विचारलं तर वर्षभर एसटीत खिडकीची जागा माझी, आणि नाही विचारलं तर दोघींची दप्तरं मी उचलायची. मी उठणारच नाही याची त्यांना खात्री होती. कारण तोवर मी ‘हजर’ म्हटलेलं सरांना कधी ऐकूच जायचं नाही, आणि समोर बसूनही माझी गैरहजेरी लागायची.

पण उठले. मागून एक पोरगं फिसकन हसलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी पाहुण्यांच्या चहात मीठ टाकलं.

समोर हेमलता मॅडम उभ्या होत्या. संभाजीनगरहून आलेल्या, केस बारीक कापलेले, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्फात गेलेली. मराठवाड्यातल्या शाळांमधून मोजकी मुलंमुली निवडून त्या दर उन्हाळ्यात हिमाचलात न्यायच्या. त्याचीच माहिती सांगायला दिवाळीनंतर आमच्या केजच्या शाळेत आल्या होत्या.

“कधी कधी आणतच नाहीत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तिथंच ठेवतात, वर दगड रचतात. नाव काय तुझं?”

“श्रावस्ती.”

“बसू नको. अजून काय विचारायचंय?”

आता जे विचारलं ते मात्र माझं मी विचारलं. “मग तुमी परत परत कावून जाता?”

अख्खा हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते इथं पंख्याखाली सांगून कळायचं नाही. दुपारी मैदानावर ये.”

मी मैदानावर गेले. माझ्यामागं वैष्णवी आली, कारण मी जिथं जाते तिथं ती येतेच. पहिलीपासून एकच गाव, एकच बस, एकच बाक. मॅडमनी आम्हाला पळवलं, दोरीवर चढवलं आणि शेवटी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवरून चालायला लावलं. संस्कृती खालूनच ओरडली, “मला वरून खाली बघितलं की उलटी येती! मी फोटो काढते तुमचे!” आम्ही दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. मॅडमनी आमची जोडी म्हणून नावं घेतली. त्या दिवशी एसटीत मी खिडकीत बसले आणि गाव येईपर्यंत मोठमोठ्यानं बोलत होते. कंडक्टर म्हणाला, “ही पोरगी कोण बसली आज?” रोज तीच बसते म्हणून कोणी सांगितलंच नाही.

आमचे पप्पा लाइनमन आहेत. विजेच्या खांबांवर चढून त्यांचा जन्म गेला, म्हणून मला वाटलं ते उंचीला घाबरणार नाहीत. तिथं डोंगराच्या अरुंद धारेवरून चालायचं असतं, हे मॅडमकडून ऐकलेलं मी घरी सांगितलं, तर ते घाबरले नाहीत, पक्कड पुसत बसले. बोलली ती आई. आई अंगणवाडीत शिकवते, त्यामुळं तिला प्रश्न एकामागून एक विचारायची सवय आहे.

“तिथं कठडा असतो का?”

“न्हाई.”

“मग लोकं धरतेत कशाला?”

“कशालाच न्हाई.”

“दोन्हीकडून खोल?”

“एकीकडून बर्फ, एकीकडून दगड. पण खोल दोन्हीकडून.”

“आन् रुंद किती?”

“काही ठिकाणी आपल्या ओट्याएवढं. एका ठिकाणी त्याच्यापेक्षा कमी.”

आईनं ओट्याकडं बघितलं. मग पप्पांकडं. “वैष्णवी चालली का?” तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, “ती असंल तर जा. एकटीला धाडणार न्हाई मी. कुणातरी वळखीच्यानं हात धरायला पायजे.”

म्हणजे परवानगी मिळाली ती वैष्णवीच्या नावानं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मॅडमची एक पद्धत होती. वाट त्या सांगायच्या नाहीत. प्रत्येक जोडीला नकाशा द्यायचा आणि बेत त्यांनीच आखायचा. तंबूतून कधी निघायचं, कुठं पाणी प्यायचं, ढग आले तर कुठून मागं फिरायचं. वर गेल्यावर त्या मधेच कुठंही विचारणार, आणि ज्यांना सांगता येणार नाही ती जोडी खाली थांबणार. आमच्या घरात नकाशा फरशीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर आम्ही आईचे डबे ठेवले. समोच्च रेषा भूगोलाच्या पुस्तकात पाठ केल्या होत्या, पण तिथं त्या इतक्या जवळजवळ होत्या की वैष्णवी म्हणाली, “हे डोंगर हायेत का अंगठ्याचा ठसा?” आमची वाट त्या ठशाच्या मधोमध जात होती. सुरुवातीला रुंद, मग दगडांचे तीन सुळके, आणि त्यांच्या पुढं बर्फाचा तो अरुंद तुकडा. त्याला आम्ही ‘ओटा’ नाव दिलं. ओट्यावर वारा सुटायच्या आत पोचायचं, म्हणजे निघायचं अंधारात. तिसऱ्या सुळक्यापाशी आलो आणि खालच्या दरीतून ढग वर चढताना दिसले तर मागं फिरायचं, मग ओटा कितीही जवळ दिसू दे. यावर आमचं लई भांडण झालं. वैष्णवीला दुसऱ्याच सुळक्यावरून फिरायचं होतं. मी जिंकले.

ओट्यावरचा नियम मॅडमनी आम्हाला जानेवारीत शिकवला. दोघी एका दोरीत असणार. तिथं खिळा ठोकायला दगड नाही, बर्फ भुसभुशीत. एक जण उजव्या अंगाला घसरली तर दुसरीनं काय करायचं?

“दोरी ओढायची,” वैष्णवी म्हणाली.

“हात द्यायचा,” मी म्हणाले.

“दोघी जाल,” मॅडम म्हणाल्या. “ती उजवीकडं पडली तर तू डावीकडं उडी मारायची. विचार न करता. तिचं वजन तुला धरतं, तुझं तिला. दोरी धारेवर अडकते, आणि दोघी आपापल्या बाजूनं वर चढून येता.”

हे ऐकून आम्ही हसत सुटलो. घरी जाताना वैष्णवी प्रत्येक खड्ड्यापाशी ओरडायची, “श्रावे, मी पडले! मार उडी!” आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उडी मारायचे. एका उडीत सुंदररावांच्या म्हशीवर जाऊन आदळले.

दहावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात वैष्णवीला तिच्या वडिलांनी लातूरला नेऊन ठेवलं, डॉक्टरच्या परीक्षेच्या क्लासला. आमच्याकडं हुशार पोरांचं असंच असतं, एक दिवस दप्तर बदलतं आणि पोरगं लातूरला जातं. मला ती सांगायला आली तेव्हा जीप दारात उभी होती. “पप्पा ऐकतच न्हाईत गं,” ती म्हणाली. मी म्हटलं, “जा की मग.” याहून चांगलं काहीतरी म्हणता आलं असतं.

होस्टेलवर फोन काढून घेतात. रविवारी थोडा वेळ देतात, तोही तिच्या आईच्या वाट्याला जायचा. संस्कृती मामाच्या गावाला गेली. मी पहाटे उठून एकटीच टेकडी चढायचे, पाठीवर विटांची पिशवी घेऊन. सरूबाई शेळ्या घेऊन तिथं असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय हरवलं का बाई?” दुसऱ्या दिवशी पण तेच. मी सांगितलं, सराव करते. “कशाचा?” “डोंगर चढायचा.” “चढलीस की,” त्या म्हणाल्या आणि शेळ्यांकडं गेल्या.

मोठ्यानं बोलायची सवय मला नुकतीच लागली होती आणि आता ऐकायलाच कोणी नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर उभं राहून मी बेत पाठ म्हणायचे. पहिला सुळका, पाणी. दुसरा सुळका, डावीकडून. तिसरा सुळका, ढग. दर वेळी दुसऱ्या सुळक्यावर थांबायचे, कारण तिथं वैष्णवी भांडायची. आता कोणी भांडत नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच वाटायला लागलं की तिचं बरोबर असेल तर? चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत मी पाय दुखेपर्यंत नाचले. दरवर्षी वैष्णवी चौकात पाण्याची बाटली घेऊन उभी असायची. या वर्षी चौक गच्च भरलेला होता, आणि मला नेमकं तिथंच रडू आलं. निळा गुलाल डोळ्यांत गेलाय असं आईला सांगितलं.

मग मॅडमचा फोन आला. चौसाळ्याच्या एका मुलीची जोडीदारीण पाय मोडून बसली होती. “ती आणि तू,” मॅडम म्हणाल्या. “रविवारी चौसाळ्याला भेटा, मी पण येते.”

तिचं नाव तरन्नुम. तिच्या अब्बांचं हायवेला पंक्चरचं दुकान. उंच, शिडशिडीत, आणि बोलायचं म्हणजे जिवावर यायचं तिला. मी आपली सुटलेली. शाळा कुठली, मार्क किती पडतील, बर्फ बघितलाय का, भीती वाटते का. ती “हूं” म्हणायची. चौसाळ्याच्या पुढं एक पाझर तलाव आटला होता. त्यातला गाळ काढून काठावर टाकलेला, त्याची लांबच लांब रांग झालेली. पुरुषभर उंच, वरून निमुळती, दोन्हीकडून मऊ. मॅडमनी आम्हाला त्यावर चढवलं आणि दोरी बांधली.

“तू मारशील ना उडी?” तरन्नुमनं विचारलं. तिचं पहिलं आख्खं वाक्य. “नुसतं हो म्हणू नको. मारणार नसशील तर आत्ताच सांग.”

“मारीन,” मी म्हटलं.

ती पुढं, मी मागं. काही पावलं गेलो असू नसू, तिनं काही न सांगता उजवीकडं अंग टाकलं. आणि मी डावीकडं गेले. कशी गेले ते मला माहीत नाही. कंबरेला हिसका बसला आणि मी गाळाला चिकटून लटकले. तोंडात माती. समोर ढिगाऱ्याचा करडा उतार, त्यापलीकडं काहीच दिसत नव्हतं. ना तरन्नुम, ना मॅडम. एवढं एकटं मला टेकडीवरही वाटलं नव्हतं. मग दोरीला दोन हलके झटके आले. पलीकडून कोणीतरी विचारत होतं. मी पण दोन झटके दिले.

वर आल्यावर तरन्नुमच्या भुवईत गाळ होता. “चांगली मारलीस,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली पुढं केली.

घरी सांगितलं तर आईचा चेहरा पडला. “कुणाची कोण ती. वळख न पाळख. तिच्या भरवशावर धाडू तुला?” पप्पा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

आणि मेमध्ये वैष्णवी परत आली.

क्लासच्या पहिल्या परीक्षेत तिला फार कमी मार्क पडले होते. ती रात्ररात्र रडते म्हणून होस्टेलवाल्यांनी फोन केला, आणि तिचे पप्पा घाबरून तिला घेऊन आले. थोडे दिवस घरी राहू दे, मन रमू दे. ती जीपमधून उतरली ती थेट आमच्या दारात. वाळली होती. मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की तिची वेणी माझ्या कानातल्यात अडकली आणि आई येऊन सोडवेपर्यंत आम्हाला तसंच डोक्याला डोकं लावून उभं राहावं लागलं.

“श्रावे, मी येते,” ती म्हणाली. “हिमाचलला. पप्पा हो म्हणलेत. मला इथून कुठंतरी जायचंय गं. तू मॅडमला सांग.”

आईनं त्या दिवशी पुरणपोळी केली. खरंच केली.

मॅडमना फोन केला. त्यांनी आधी वैष्णवीची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, “तरन्नुमला मी दुसरी जोडी बघेन, नाही जमलं तर ती पुढच्या वर्षी येईल. सराव करा आणि मला कळव. दोरी कोणाशी बांधायची ते जिनं बांधायची तिनंच ठरवायचं असतं.”

संध्याकाळी आम्ही वैष्णवीच्या रानात गेलो. तिचा आणि तिच्या चुलत्याचा मधला बांध उंच आहे, दोन्हीकडं ताजी नांगरट. बांध कोरण्यावरून तिथं दोन पिढ्या भांडल्या, चालायला मात्र आम्हीच पहिल्या. पप्पा ड्यूटीवरून येताना गाडी थांबवून बघत उभे राहिले. दोरी बांधली. वैष्णवी पुढं. तिचा पाय घसरला, खोटाखोटा, आणि ती उजवीकडं कलली.

मी तिचा हात धरला.

दोघी धपकन नांगरटीत पडलो. ती खिदळली. “पुन्हा,” मी म्हटलं. पुन्हा ती कलली. मला माहीत होतं, आता डावीकडं, डावीकडं. आणि माझा हात पुढं गेलेला. पुन्हा ढेकळांत. तिसऱ्यांदा मी हात पाठीमागं बांधून घेतले, तर ती घसरताच मी सगळं अंगच तिच्याकडं टाकलं.

वैष्णवी ढेकळांत पडून आभाळाकडं बघत हसत होती. “बघ, तू मला सोडणारच न्हाईस,” ती म्हणाली. किती दिवसांनी ती अशी हसत होती. मला हसू येईना. मी पप्पांकडं बघितलं. ते गाडीवर बसले होते, पण गाडी चालू करत नव्हते.

घरी जाताना मी त्यांच्या मागं बसले. हरिबाकाकांच्या घरासमोर त्यांनी गाडी हळू केली. रोजच करतात. हरिबाकाका पप्पांच्या जोडीला लाइनवर होते. एका पावसाळ्यात ते तारेला चिकटले, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा हात चालत नाही. त्यांच्या घरचे आमच्याशी बोलत नाहीत. एवढंच मला ठाऊक होतं. कावून, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

पप्पांनी गियर बदलला. गाडी आमच्या बोळात आली, तेव्हा म्हणाले, “चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. कोरडं लाकूड घेऊन ढकलायचं असतं. पावसात कोरडं लाकूड लवकर सापडतं का? मी धुंडत होतो. हरिबाच्या घरच्या, केशरवहिनी, बांधावर डबा घेऊन आलत्या. त्यांनी बघितलं की ह्यो अनिल माझ्या माणसाला हात लावायचा सोडून पळतोय.”

“मग तुमी सांगितलं न्हाई का त्यांना?”

“सांगितलं की. समदं पटलं त्यांना. तरी बी त्यांना तेच दिसतं.”

“आन् तुमाला वाटलं न्हाई का, हात लावावा?”

“गेलता की पुढं,” पप्पा म्हणाले. “माझा मलाच मागं वढावा लागला.” त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि पाय धुवायला गेले.

मी ओट्यावर बसले. रुंदीला तो हिमाचलातल्या आमच्या ‘ओट्या’एवढाच असेल. नकाशावरचा तो तुकडा मला आता डोळे मिटूनही दिसत होता, दोन्हीकडचं खोल दिसत होतं, आणि पुढं वैष्णवीची पाठ. तिची वेणी, तिच्या चालण्यातली ती डावीकडची झोकांडी. ती घसरणार आणि मी हात देणार. मी कितीही सराव केला तरी देणारच. दहा वर्षं दिलाय. तरन्नुमची पाठ मला नीट आठवत पण नव्हती. आठवत होते ते दोन झटके.

वैष्णवीला हे कसं सांगायचं? तू माझी आहेस म्हणून मी तुला नेत नाही, असं? ती लातूरहून हरून आलीय, आणि आता दारातून मीच तिला परत पाठवणार. ती केशरवहिनींसारखी माझ्याकडं बघेल. सगळं पटूनही. पुढच्या वर्षी एसटीत खिडकी मला मिळेल, पण शेजारी कोणी नसेल. मी रडले थोडी. मग तोंड धुतलं. आई ताटं वाढत होती, पप्पा बसलेले. दिवेलागण झाली होती.

“वैष्णवीच्या आईला उद्या बोलावते,” आई म्हणाली. “दोघींच्या थैल्या एकदाच भरू. आता मला घोर न्हाई बघ.”

मी ताटावर बसले नाही. उभीच राहिले. माझा आवाज मलाच मोठा वाटला, त्या दिवशी हॉलमध्ये वाटला होता त्याच्याहून मोठा.

“आई, पप्पा, मी जाणार हाय. पण वैष्णवीसंगं न्हाई. मी तरन्नुमसंगं दोरी बांधणार. जेवण झालं की वैष्णवीच्या घरी जाते आन् तिला मीच सांगते. तुमी कुणी मधी पडू नका.”